पापा, बाबा, मामा : नातीला वाचायला शिकवताना

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकवीस पहिलीच्या वर्गावर. २०१७ च्या मे महिन्यात निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "बाईंच्या हाताखाली दगडसुद्धा वाचायला लागेल." टाळ्या पडल्या, मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये नात झाली. ही आमची मनू. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. गेल्या महिन्यात तिचं पहिलीचं वर्ष संपलं. आत्ता ती अंगणात खेळतेय, तोवर माझी डायरी घेऊन बसलेय आणि सगळं तारखांसकट लिहून काढतेय. ज्यांच्या घरात नुकताच बेराचा, म्हणजे मुलाच्या कानाच्या तपासणीचा, रिपोर्ट येऊन पडलाय त्यांच्यासाठी.

वर्षाची होईपर्यंत आम्हाला काही कळलंच नाही. आमचं घर जुनं, माडीला लाकडी फळ्या. मी जिना चढून वर आले की पाठमोरी बसलेली मनू न बघता वळायची आणि हात पसरायची. "माझी हाक हिला बरोबर कळते," असं मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. तिला फळ्यांची थरथर कळत होती, हाक नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये बहिणीकडे गेलो. तिच्याकडे खाली शहाबादी फरशी. तिथे मनू वळेना. माझ्या मुलाने तिच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट चमच्याने वाजवलं, तरी ती आपली बाहुलीचे केस ओढत बसली होती. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी काही बोललं नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांना विचारलं होतं. "काही मुलं उशिरा बोलतात, वर्षभर वाट बघा," असं उत्तर मिळालं. त्यांना एकट्यांना बोल लावत नाही, "हिचा बाबासुद्धा अडीच वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता" हे पालुपद मीच लावलं होतं. चार महिने गेले त्यात. आता मला कुणी विचारलं तर एकच सांगते. शंका आली की वाट बघायची नाही, कानाची तपासणी करायची. आता कितीतरी दवाखान्यांत बाळंतपणानंतर लगेच ओएई नावाची तपासणी करतात. दोन-चार मिनिटांची, कानात छोटी गुंडी घालतात, बाळाला काहीही दुखत नाही. महिनाभरात ही तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, व ऐकण्या-बोलण्याची थेरपी, असा जगभर हिशोब धरतात. आमची मनू निदानाला वीस महिन्यांची होती.

२१ जानेवारी २०२०, कान-नाक-घसा तज्ज्ञ. ओएई, ६०० रुपये. निकालाच्या जागी लिहिलेलं 'रेफर'. मला वाटलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवताहेत. तसं नसतं. ओएईचा निकाल पास किंवा रेफर असा येतो, आणि रेफर म्हणजे पुढची तपासणी करायलाच हवी.

पुढची तपासणी बेरा. बारा दिवसांनी नंबर लागला, १,८०० रुपये. यात मूल झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारी नस कितव्या आवाजाला जागी होते ते यंत्रावर बघतात. झोपेचं औषध दिलं तरी मनू झोपेना, रडून रडून निळी झाली, परत आलो. दुसऱ्या वेळी सूनबाईने आदल्या रात्री तिला साडेबारापर्यंत जागवलं, पहाटे पाचला उठवलं आणि गाडीत डुलकी लागू नये म्हणून सत्तर किलोमीटर मी तिच्या तळपायांना गुदगुल्या करत गेले. डोकंही आदल्या दिवशी धुवून ठेवा, तेल अजिबात नको, तेलावर त्या तारा चिकटत नाहीत. आम्हाला हे पहिल्या फेरीनंतर कळलं.

रिपोर्ट : उजवा कान ७५ डेसिबल, डावा ८५. आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६० चा असतो. म्हणजे वीस महिने आम्ही गायलेल्या अंगाईतलं तिच्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचलं नव्हतं. त्या रात्री सूनबाई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. मी चहा केला, तिने घेतला नाही.

१२ मार्चला कानाचा साचा घेतला, म्हणजे मोल्डसाठी कानात लगदा भरून माप. मोल्ड हा मशीनचा कानात बसणारा भाग, ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा. मोल्ड आठ दिवसांत येणार होते. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं आणि ते मोल्ड दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये अडकले. जूनच्या शेवटी हातात आले तोवर मनूचे कान वाढले होते, बसेचनात. पुन्हा माप, पुन्हा वाट. ९ जुलै २०२० रोजी तिच्या कानावर मशीन चढली. कानामागे लावायची, डिजिटल, दोन मिळून ६४,००० रुपये. माझ्या निवृत्तीच्या पैशातून घेतली. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात, त्याला उत्पन्नाची मर्यादा असते आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. कॉक्लिअर इम्प्लांटसुद्धा, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, त्याच योजनेतून होतं. त्याचं काम मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग संस्था बघते. तिथे जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी पाच वर्षांपर्यंतची अट आहे, त्यामुळे ज्यांना इम्प्लांट सांगितलंय त्यांनी कागदांसाठी थांबून राहू नये, कागद आणि तपासण्या बरोबरीने चालू कराव्यात. मनूला मशीनने पुरेसा फायदा दिसला म्हणून आमचं ते टळलं.

मशीन लागली की मूल ऐकायला लागतं असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी तिने दोन्ही काढून फेकली. आठवडाभराने उजवं हरवलं. सगळं घर पालथं घातलं. शेवटी धान्याच्या खोलीतून बारीक शिट्टी आली. मशीन चालू असताना कशाने तरी झाकली गेली की शिट्टी मारते. ज्वारीच्या कोठीत हात घालून मी बत्तीस हजार रुपये बाहेर काढले. यांनी, म्हणजे मनूच्या आजोबांनी, तीच कोठी दोनदा शोधली होती. पण त्यांना स्वतःलाच शिट्टी ऐकू येत नाही, आणि मशीन लावायला ते आजही तयार नाहीत.

मशीनबद्दल एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. सेलवरचा स्टिकर काढला की एक-दोन मिनिटं तो उघड्या हवेत ठेवायचा, मग घालायचा. हे सेल हवेवर चालतात. रात्री सेलचं दार उघडं टाकून मशीन सिलिका जेलच्या डबीत. पावसाळ्यात तर नक्कीच. मोल्ड लहानपणी तीन-चार महिन्यांत छोटा होतो, जोडीला आमच्याकडे हजार-बाराशे पडतात, हा खर्च कुणी आधी सांगत नाही. आणि सकाळची तपासणी. मी मनूच्या मागे उभी राहते, तोंडासमोर कागद धरते आणि सहा आवाज काढते : आ, ऊ, ई, म, श, स. आवाज ऐकू आला की तिने वाटीत एक चिंचोका टाकायचा. या सहांत जाड-बारीक सगळे आवाज येतात. एका सकाळी श आणि स ला चिंचोका पडला नाही. बघते तर मोल्डच्या नळीत पाण्याचा थेंब. तपासलं नसतं तर पोर दिवसभर अर्धीच भाषा ऐकत बसली असती.

आता कागदांचं. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरला. ई-सेवा केंद्रात १०० रुपये घेतले, पण घरीही भरता येतो, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि लहान मुलाचा अंगठा लागतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कानाचा बोर्ड, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणारे डॉक्टर, बुधवारी. सकाळी साडेआठला रांगेत उभे राहिलो, दुपारी दीडला खिडकीतून सांगितलं, "बेरा खासगी आहे. आणि जुना आहे. सरकारी आणा." सरकारी बेराचं यंत्र शेजारच्या जिल्ह्यात, वैद्यकीय महाविद्यालयात. तिथली तारीख मिळाली नऊ आठवड्यांनी. पुन्हा जागरण, पुन्हा तळपायांना गुदगुल्या. मार्च २०२१ मध्ये प्रमाणपत्र झालं, तात्पुरतं, पाच वर्षांचं. जूनमध्ये पोस्टाने कार्ड आलं तर नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आधारवर इंग्रजीत एक अक्षर जास्त होतं, जन्मदाखल्यावर नव्हतं. दुरुस्तीला दोन महिने. म्हणून सांगते, अर्ज भरण्याआधी आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

कायद्याच्या भाषेत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कठीण. मनू पहिल्यात बसली. तो शब्द छापलेला बघून मुलगा गप्प झाला, तीन दिवस प्रमाणपत्र त्याच्या बॅगेतच होतं. चौथ्या दिवशी त्याने त्याच्या दहा झेरॉक्स काढून आणल्या. प्राप्तिकरात कलम ८० डीडीखाली त्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळाली, जुन्या करप्रणालीत राहिल्यामुळे. ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ती १,२५,००० असते.

थेरपी लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर सुरू झाली, आठवड्यातून दोनदा, तासाचे ३५० रुपये. थेरपिस्ट ताई निम्म्या वयाची, पण मला तिने चांगलंच वळण लावलं. बाहेर सगळ्यांच्या तोंडावर मास्क, ओठ कुणाचेच दिसायचे नाहीत. मनूला माणसं म्हणजे नुसते डोळे. म्हणून मोबाइलवरचा ताईंचा उघडा चेहरा तिला फार आवडायचा, पडद्यावर ती ताईंच्या ओठांना बोट लावायची.

आणि आता मी जिथे आपटले ते.

२०२२ चा जून. मनू चार वर्षांची. पन्नासेक शब्द बोलायची, त्यातले निम्मे घरच्यांनाच कळणारे. मला वाटलं, अक्षरं डोळ्यांनी वाचायची असतात, कानाचा काय संबंध? इथे तरी आपण हिला पुढे नेऊ. माझ्या हातखंड्याचं काम. तक्ते काढले, वाळूत गिरवून घेतलं, ठोकळे केले. सहा महिन्यांत मनूला क ते ज्ञ येत होतं. कमळ, बदक, मगर, गवत, बोट ठेवून वाचायची. मी घरभर मिरवलं.

जानेवारीत ताई घरी आल्या. मनूने 'मगर' वाचून दाखवलं. ताईंनी चार चित्रं मांडली आणि तिला खुणेने विचारलं, यातलं मगर कोणतं? मनूने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ताईंच्या. मग बदकावर बोट ठेवलं.

"आजी, तुम्ही अक्षरं छान शिकवलीत," ताई म्हणाल्या. "पण तिच्याकडे शब्दच नाहीयेत हो."

मी एकवीस वर्षं जी मुलं शिकवली ती पहिलीत येताना हजारो शब्द कानातून घेऊन आलेली असायची. भांडणं, गाऱ्हाणी, गोष्टी, शिव्या, सगळी भाषा तयार. मी फक्त त्या भाषेला अक्षरांचे कपडे घालत होते. मनूला मी नुसतेच कपडे शिवून दिले होते. ती रात्र मला झोप नाही. निरोप समारंभातला दगड आठवत होता.

ताईंनी सांगितलं, तक्ते गुंडाळून ठेवा, दोनशे पानी वही घ्या. रोज एक पान. दिवसभरात जे खरंच घडलं त्याचं चित्र, वेडंवाकडं चालेल, आणि खाली एक-दोन वाक्यं. पुस्तकातली नाहीत, तिच्या घरातली. पहिलं पान १६ जानेवारी २०२३ चं. त्या दिवशी आमची मांजर ओट्यावर चढली, पातेलं उपडं झालं, दूध थेट मनूच्या फ्रॉकवर. मी मांजर काढली, पांढरं तळं काढलं, खाली लिहिलं : मनी आली. दूध सांडलं. मनू रडली. मनूने चित्रातल्या तळ्यावर हात आपटला, मग अक्षरांवर हात आपटला, मग फ्रॉककडे बोट दाखवलं. संध्याकाळी आजोबा आले तर वही घेऊन धावली आणि 'दूध सांडलं' यावर बोट ठेवून त्यांना जोरात म्हणाली, "दू आंडं!" स तिच्या तोंडात नव्हता, ल नव्हता. पण यावेळी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

त्या वहीत फार काही हुशारी नाही. पान मात्र त्याच दिवशी, वास जायच्या आत लिहायला हवं. मी दोनदा रविवारी आठवड्याची सगळी पानं एकदम भरली, ती मनूने कधीच उघडली नाहीत.

शब्द जमू लागले तसं पुढचं भूत उभं राहिलं. प्रत्यय. मी व्याकरण शिकवलंय, पण मराठी इतकी चिवट आहे हे मला मनूमुळे कळलं. ने, ला, चा, ची, त, हे सगळं शब्दाच्या शेपटाला, हळू आवाजात, घाईत उच्चारलेलं. मशीन लावूनसुद्धा शेपटं गळून जातात. मनूचं वाक्य असायचं : "मनू आजी लाडू दे." कोणी कोणाला दिला, देवच जाणे.

मग आम्ही नाटक सुरू केलं. वहीत लिहिलं : मनूने आजीला मारलं. ने लाल पेन्सिलने, ला निळ्या. वाचायचं आणि तसं करायचं. तिने मला चापट मारली, खूश. मग खाली लिहिलं : आजीने मनूला मारलं. तिने तेच तुकडे बघितले आणि पुन्हा मलाच मारलं. मी लाल रंगावर बोट ठेवलं, तो आता आजीजवळ होता. हळूच तिच्या पाठीवर थाप दिली. ती थबकली. वरचं वाक्य बघितलं, खालचं बघितलं. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या ओळीत लाल ने स्वतःच्या नावाला लावला, निळा ला मांजरीला. मनी तोवर पळून गेली होती म्हणून वाचली.

याला चार महिने लागले, आणि लगेच पुढचं : मनूने लाडू खाल्ला, पण मनूने पोळी खाल्ली. खाणारी तीच, मग शब्द का बदलला? ऐकणाऱ्या पोराला हे कुणी शिकवत नाही. मनूला आम्ही दोन डबे करून दिले, एकात 'तो'च्या वस्तू, एकात 'ती'च्या. चमचा तो, वाटी ती. तिसरा डबा 'ते'चा लागला तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, मराठी केली कुणी ओ ही?"

आवाजांचं वेगळंच. आरशात बघून 'पापा, बाबा, मामा' म्हणा. ओठ तिन्ही वेळा तसेच हलतात. ओठ वाचणाऱ्या मुलाला घरातली तीन माणसं एकच दिसतात. क आणि ग तर घशात, दिसतच नाहीत. म साठी मनूचं बोट माझ्या नाकावर, थरथर लागते. ब साठी हात गळ्यावर. फ साठी तोंडासमोर कागदाची पट्टी, ती उडते, प ला जेमतेम हलते. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर पोर मशीनच काढून ठेवते.

२०२३ च्या डिसेंबरात शाळेचा प्रश्न आला. जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिरांची विशेष शाळा आहे, ती बघून आलो. मधली सुट्टी होती. दोन मुली हातांनी भांडत होत्या, इतक्या वेगाने की बोटं दिसेनात. एकीने शेवटी दुसरीकडे पाठ फिरवली, म्हणजे ऐकणंच बंद केलं. मनू फाटकाला चिकटून बघत होती. तिला इतकं मन लावून माणसं बघताना मी आधी पाहिलं नव्हतं. आम्हाला सुरुवातीला दोन-तीन जणांनी बजावलं होतं, खुणा शिकवू नका, बोलणं थांबेल. मी ते ऐकलं, याचं मला वाईट वाटतं. त्या दिवसानंतर आम्ही खुणा शिकायला लागलो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश केलाय, फुकट बघता येतो. 'उद्या', 'विसरणे', 'खोटं', 'कंटाळा' हे शब्द चित्रात काढता येत नाहीत, ते मनूला खुणेने कळले आणि मग वहीत लिहिता आले. बोलणं काही थांबलं नाही.

तरी शाळा आम्ही गावातलीच निवडली, जिल्हा परिषदेची. विशेष शाळा म्हणजे वसतिगृह, आणि सहा वर्षांच्या पोरीला लांब ठेवायला कुणाचंच मन धजेना. हा आमचा निर्णय, दुसऱ्या घरात तो वेगळा असू शकतो. खासगी शाळा हवी असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात धरतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, प्रमाणपत्र पुरतं. २०२४ मध्ये मात्र तो सगळा प्रवेश कोर्टात अडकला आणि सोडतीचा निकाल लागेपर्यंत जुलै उजाडला होता. तिकडे वाट बघणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना सांगून यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीत, मनूची दिव्यांग म्हणून नोंद करून घेतली. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतलं काहीच त्या मुलापर्यंत येत नाही. फिरते विशेष शिक्षक नाही, उपकरणं नाहीत, आणि दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपयांप्रमाणे दहा महिने मिळतो तो भत्ताही नाही. दोनशे रुपयांत सेलची एक पट्टी येते, पण सोडायची कशाला?

वर्गशिक्षिका माझीच विद्यार्थिनी. मला अजून 'बाई' म्हणते, त्यामुळे पंचाईत जास्त. सांगायला गेलं की हुकूम वाटतो. जुलैत पहिलं श्रुतलेखन झालं, दहापैकी दोन गुण. वही घरी आली. 'पान' च्या जागी 'मान', 'बस' च्या जागी 'पस', 'भात' च्या जागी 'पात'. मी ते शब्द आरशासमोर म्हटले. दहाच्या दहा शब्द ओठांप्रमाणे बरोबर होते. तीच वही घेऊन मी शाळेत गेले आणि काही न बोलता तिलाही आरशासमोर उभं केलं. ती दोनदा म्हणाली, "पान, मान," आणि तोंडावर हात ठेवला. "बाई, मी तर रांगांमधून फिरत सांगत होते."

तेव्हापासून श्रुतलेखन समोर उभं राहून, सुटा शब्द नाही तर वाक्यात. फळ्याकडे तोंड करून बोलणं तिने बरंच कमी केलं. मनू दुसऱ्या रांगेत, उजवा कान वर्गाकडे, खिडकी पाठीमागे, म्हणजे बाईंच्या चेहऱ्यावर उजेड. पावसात मात्र इलाज नाही. पत्र्यावर पाऊस पडला की मशीनमधून नुसता गोंगाट येतो, ती मशीन काढून खिशात घालते. पहिल्यांदा त्याला खोडी समजून ओरडा बसला होता. आता पावसाच्या दिवशी वर्गात वाचन-लेखनच घेतात, आणि मला वाटतं त्याने बाकीच्यांचंही काही बिघडलं नाही.

आणखी एक. 'कळलं का?' असं मनूला विचारायचं नाही. ती हमखास मान डोलावते. 'काय करायचंय, सांग' असं विचारायचं.

पुढच्या मार्चमध्ये प्रमाणपत्राची मुदत संपतेय. सरकारी बेराचा नंबर लावायला मी डिसेंबरातच जाणार आहे. उजव्या मोल्डची नळी पिवळी पडलीय, ती या आठवड्यात बदलायची.

वह्या आता अकरा झाल्यात. फेब्रुवारीपासून मनू पान स्वतः लिहिते, मी फक्त तारीख घालते. काल तिने मशीन घालूनच हौदात उडी मारली. मी चिडले, बरंच बोलले, तांदळाच्या डब्यात मशीन पुरून ठेवायला निघाले होते तेव्हा सूनबाईने आठवण केली की तांदूळ नाही, सिलिका जेल. रात्री वही उघडली. हौद, हौदात दोन वेण्या, काठावर मोठं तोंड उघडलेली एक बाई. खाली लिहिलेलं :

आजीने मला रागावली.

ने लाल पेन्सिलने, ला निळ्या. मी खोडरबर हातात घेतला. रागावण्याला ने लागत नाही, आजी मला रागावली असं हवं. मग आठवलं, ही चूक माझ्या वर्गातली सगळीच पोरं करायची. कान धड असलेलीसुद्धा. मी तारीख घातली आणि वही मिटली.